पानशेतचा पाऊस आणि मेमरीची मोठी पाने

पुण्याच्या पाण्याचा हिशेब आंबी आणि मोसे या दोन शेजारच्या खोऱ्यांत ठरतो. हवामानाच्या गणितात १२ किलोमीटरची चौकट धरली, तर तिथल्या पानशेत आणि वरसगाव धरणांचे पाणलोट जवळजवळ एकच होऊन जातात. मे २०२५ मध्ये ‘भारत फोरकास्ट सिस्टीम’ने ही चौकट ६ किलोमीटरवर आणली. हे गणित पाषाणच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या ‘अर्का’ महासंगणकावर चालते. बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात, आणि तेवढीच मेमरीही जास्त लागते.

‘अर्का’ची ओळख ११.७७ पेटाफ्लॉप्स या आकड्याने करून दिली जाते. पण प्रोसेसर कितीही वेगवान असला, तरी हवा असलेला आकडा मेमरीत कुठे आहे हे त्याला आधी शोधावे लागते. आपल्या कौतुकात ही बाजू फार कमी येते.

प्रोग्रॅम वापरतो तो मेमरीचा पत्ता खरा नसतो. मेमरीची पाने पाडलेली असतात आणि कोणते पान प्रत्यक्षात कुठे आहे याचे तक्ते ऑपरेटिंग सिस्टीम ठेवते. नेहमी लागणारे सातबारे तलाठ्याने टेबलावरच काढून ठेवावेत, तशा अलीकडे लागलेल्या नोंदी प्रोसेसर ‘टीएलबी’ नावाच्या छोट्या कप्प्यात हाताशी ठेवतो. नोंद तिथे नसेल तर तक्त्यांच्या चार-चार पायऱ्या उतराव्या लागतात. आयआयटीएमच्या आधीच्या ‘प्रत्यूष’मध्ये इंटेलचे ब्रॉडवेल प्रोसेसर होते. त्यांच्या मोठ्या टीएलबीत १,५३६ नोंदी मावतात. पान ४ केबीचे असेल तर एवढ्या नोंदींत जेमतेम ६ एमबी मेमरी येते. २ एमबीचे असेल तर ३ जीबी. चिप तीच, फक्त पान मोठे.

मात्र पान किती मोठे असावे, यावर चिप बनवणाऱ्यांचे कधीच एकमत झाले नाही. ‘परम’ महासंगणक बनवणाऱ्या पुण्याच्या सी-डॅकने हे मतभेद एकामागून एक अनुभवले. १९९१ च्या ‘परम ८०००’मधल्या ट्रान्सप्युटर प्रोसेसरला पानांची व्यवस्थाच नव्हती. १९९८ च्या ‘परम १००००’मध्ये अल्ट्रास्पार्क आला. त्याचे साधे पान ८ केबीचे, मोठे ४ एमबीपर्यंत. २००३ च्या ‘परम पद्म’मधल्या पॉवर४ चे मोठे पान थेट १६ एमबीचे होते, आणि तेवढी मेमरी आधीच राखून ठेवावी लागे. पुढे ‘परम युवा’पासून इंटेलची २ एमबीची पाने आली. प्रत्येक वळणावर सिस्टीम सांभाळणाऱ्यांना नवे माप शिकावे लागले. त्या कष्टांची नोंद कुठल्याही उद्घाटनाच्या फलकावर नसते.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमने हा भार बराच हलका केला. २०११ च्या २.६.३८ आवृत्तीपासून ते प्रोग्रॅमला न विचारताही मोठी पाने देऊ शकते. पण मोठ्या पानाला मेमरीत सलग जागा लागते. मशीन बरेच दिवस चालू राहिले की मोकळी जागा तुकड्यातुकड्यांत विखुरते आणि तिची जुळवाजुळव करण्यात वेळ जातो.

सी-डॅकच्या येऊ घातलेल्या ‘ऑम’ प्रोसेसरचा पाया आर्मचा आहे. आर्मवर साधे पान ४, १६ किंवा ६४ केबीचे घेता येते आणि लिनक्समध्ये ही निवड कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, बांधतानाच करावी लागते. ४ केबी निवडले तर तक्त्यांच्या एक पायरी वरचे मोठे पान २ एमबीचे मिळते. १६ ला ३२ एमबीचे. ६४ ला एकदम ५१२ एमबीचे. एवढी सलग जागा भरात चाललेल्या मशीनमध्ये सहसा सापडत नाही. शिवाय ६४ केबीच्या पानावर काही बाइट्सच्या फाइललाही मेमरीत अख्खे पान द्यावे लागते. हवामानाच्या प्रारूपाला हे परवडेल, कारण त्याचे तक्ते अवाढव्य असतात. त्याच मशीनवर हजारो छोट्या फाइली हाताळणाऱ्या संशोधकाला मात्र ते जड जाईल. म्हणून ही निवड खरेदीच्या कागदांवर सोडू नये. आपले प्रोग्रॅम चालवून, मोजून ती करायला हवी.