परदेशी विद्यापीठीय शिक्षणाचा खर्च : साजगावच्या संदर्भात

खोपोलीनजीकचे साजगाव हे कार्तिकातील विठोबाच्या यात्रेसाठी व तीत भरणाऱ्या सुक्या मासळीच्या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. खालापूर तालुक्यातील अशा गावचा विद्यार्थी परदेशी विद्यापीठात जाऊ इच्छीत असल्यास त्यास किती खर्च येईल, असे सामान्यतः विचारले जाते. परंतु खर्च किती, आणि ती रक्कम केव्हा हाताशी असावी लागते, हे दोन भिन्न प्रश्न होत. त्यांपैकी दुसराच बहुधा निर्णायक ठरतो.

जर्मनीचे उदाहरण घ्यावे. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांकडूनही शिक्षणशुल्क घेतले जात नाही. तथापि निर्वाहाची तरतूद व्हिसापूर्वीच दाखवावी लागते. सप्टेंबर 2024 पासून ही रक्कम वर्षास 11,904 युरो, म्हणजे तत्कालीन दराने सुमारे 11 लाख रुपये, ठरविण्यात आली. ती विशेष खात्यात ठेवल्यास तीतून दरमहा 992 युरो काढता येतात. पैसा विद्यार्थ्याच्याच उपयोगी पडतो. मात्र तो आधी जवळ असावा लागतो.

तो नसल्यास कर्ज काढणे आले. शैक्षणिक कर्जास साडेसात लाख रुपयांपर्यंत सामान्यतः तारण लागत नाही. त्यापुढे, निवडक विद्यापीठांसाठी काही बँका देत असलेली सवलत वगळता, घर किंवा जमीन तारण द्यावी लागते. येथेच एका गावातील दोन विद्यार्थ्यांचे मार्ग भिन्न होतात. ज्याच्या कुटुंबाच्या नावे सातबारा आहे, त्यास कर्ज मिळू शकते. भूमिहीन कातकरी कुटुंबातील मुलास, गुण समान असूनही, ते दुर्लभ होते.

अशांसाठी शिष्यवृत्ती हाच आधार होय. अनुसूचित जमातींसाठीच्या केंद्रीय परदेश शिष्यवृत्तीच्या देशभरात प्रतिवर्षी 20 जागा असून त्यांतील 3 कातकरींसारख्या विशेष असुरक्षित जमातींसाठी राखीव आहेत.

परंतु आधार मिळणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो पुरेसा काळ टिकणेही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या दरमहा साडेअकरा पौंडांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले. तिची मुदत संपल्यामुळे 1917 मध्ये लंडनचे अध्ययन अर्धवट सोडून त्यांना परतावे लागले; अध्यापनातील बचत, शाहू महाराजांचे साहाय्य व मित्राचे कर्ज यांच्या बळावर 1920 मध्ये ते पुन्हा जाऊ शकले. बुद्धीची उणीव कधीच नव्हती. तीन वर्षे गेली ती पैशापायी. शिक्षणाच्या खर्चात अशा गेलेल्या वर्षांचीही गणना झाली पाहिजे.