शेऱ्याशिवाय बक्षीस अपुरं

भाद्रपदात महालक्ष्म्या घरी आल्या, की अहमदपूर, उदगीर, चाकूर या भागात आरासीची चढाओढ सुरू होते. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. म्हणजे स्पर्धेचे परीक्षक नेमले असतील तर त्यांनाही या तीन दिवसांतच घरोघर फिरावं लागतं. पुढे दिवाळीत किल्ले आणि आकाशकंदील, आणि वर्षभर कुठे ना कुठे रांगोळी स्पर्धा असतेच. पैठणी किंवा मिक्सर मिळतो, नाव पेपरात येतं आणि विषय संपतो. म्हणूनच ‘हौसेला बक्षीस कशाला?’ असं विचारणारेही भेटतात. त्याचं उत्तर असं, की स्पर्धेतून मिळणारी खरी कमाई म्हणजे परक्या, जाणत्या नजरेनं केलेली पारख. घरचे कौतुकच करतात, शेजारी भिडेखातर ‘छान’ म्हणतात. जाणता परीक्षक मात्र गोधडी उलटी करून बघतो. धावदोरा सरळ रेषेत आहे का, टाके सारख्या अंतरावर आहेत का, दोरा जास्त ओढल्यानं कापड चुणलंय का, हे त्याला लगेच दिसतं. रांगोळीत चिमटीतून सुटलेली रेघ सगळीकडे सारख्या जाडीची आहे का आणि भरलेला रंग रेघेबाहेर गेलाय का, हे तो पाहतो. करणाऱ्याला स्वतःच्या कामातल्या या गोष्टी सहसा दिसत नाहीत.

यावर मोठा आक्षेप असा, की बक्षिसाच्या नादात हौसच मरते. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. १९७३ साली अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या बालवाडीत मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी चित्रांची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना चित्र काढल्यास प्रमाणपत्र देऊ असं आधी सांगितलं, काहींना ते अचानक दिलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे मोकळ्या वेळात, आधी आमिष दाखवलेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रांत रमली. अचानक प्रमाणपत्र मिळालेल्यांची गोडी मात्र कमी झाली नाही. टेरेसा अमाबिले यांच्या १९८२च्या अभ्यासात तर लहान मुलींना कागदाची चिकटचित्रं करायला दिली होती. ज्यांची बक्षिसासाठी चुरस लावली, त्यांची चित्रं चिठ्ठ्या टाकून बक्षीस वाटलेल्या मुलींपेक्षा कमी कल्पक ठरली. पण हे प्रयोग मुलांवरचे आहेत आणि त्यांतली भेट ही निव्वळ आमिष होती. काम कुठे जमलं, कुठे फसलं हे सांगणारं त्यात काही नव्हतं. त्यांतून घ्यायचा धडा एवढाच, की लहान मुलांपुढे बक्षीस नाचवू नये आणि मोठ्यांनाही नुसती ट्रॉफी देऊन घरी पाठवू नये.

दुसरा आक्षेप वशिल्याचा. तोही पुष्कळदा खरा असतो, पण त्यावर इलाज आहे. रांगोळीजवळ नावाऐवजी क्रमांक ठेवावा, परीक्षक बाहेरगावचा असावा आणि गुण कशाला किती, हे आधीच जाहीर करावं. तिसरी तक्रार अशी, की पहिल्या तिघांचं भलं होतं, बाकीचे हिरमुसतात. यावरची तोड आपल्याकडे आधीपासूनच आहे. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांत मुलं एकमेकांना हरवत नाहीत. ठरलेल्या कसाला उतरेल त्याला अ, ब किंवा क श्रेणी मिळते. अमेरिकेतल्या मुलांच्या ‘फोर-एच’ चळवळीतही हस्तकलेचे नमुने बहुधा असेच जोखले जातात. म्हणून एकाच वर्गात दहा जणांना वरची श्रेणी मिळू शकते, आणि काम कच्चं असेल तर एकालाही मिळत नाही. सरसकट सगळ्यांना सहभागाचं प्रमाणपत्र वाटण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे.

हीच कसोटी पुढेही चालते. केंद्र सरकारचे कारागिरांसाठीचे राष्ट्रीय पुरस्कार १९६५ पासून आणि ‘शिल्पगुरू’ सन्मान २००२ पासून दिले जातात, तेही कामाचा दर्जा पाहून. तांड्यावर आरसे आणि कवड्या लावून भरतकाम करणाऱ्या बाईला आपलं काम त्या पंक्तीत बसतं का, हे पहिल्यांदा गावच्या स्पर्धेतच कळू शकतं. अर्थात तिथे कुणी ते नीट पाहून दोन ओळी लिहून दिल्या तर. तेव्हा आयोजकांनो, यंदा पैठणी जरूर द्या. पण प्रत्येक स्पर्धकाच्या हातात गुणांचा कागद आणि परीक्षकाचा शेराही ठेवा. आणि स्पर्धकांनो, तो मिळाला नाही, तर मागून घ्या.