पीडीएफ यादीत नाव सापडत नाही? आधी हे तपासा

व्हॉट्सअॅपवर अनुदानाची यादी आली की आपण काय करतो? भिंगाच्या खुणेवर बोट ठेवायचं, आडनाव टाकायचं. मोबाईल सांगतो, 'शून्य निकाल'. झालं, माणूस यादी बंद करतो. आमच्या चुलत्यांनी मागच्या हंगामात तेच केलं आणि केवायसी करायचं सोडून दिलं. शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी मी पानं एकेक करून चाळली, तर नाव होतं!

'शून्य निकाल' म्हणजे नाव नाही, असं नसतं. मोबाईलला ते वाचता आलं नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. पण तसं स्पष्ट सांगायची सोय त्यात नाही, ही खरी अडचण.

पहिली गोष्ट, यादीतल्या एखाद्या नावावर बोट दाबून धरा. अक्षरं निळी झाली नाहीत तर तो बहुतेक कागदाचा फोटो आहे. फोटोत शोध चालत नाही. पानाचा स्क्रीनशॉट काढून गुगल लेन्समध्ये उघडा, मराठी अक्षरं बऱ्यापैकी वाचतं. पण पानं जास्त असली तर गावाचं नाव बघत हाताने चाळलेलंच बरं.

अक्षरं निळी झाली तर तो शब्द कॉपी करून व्हॉट्सअॅपच्या मेसेजच्या जागी पेस्ट करा. पाठवायची गरज नाही. मराठीच उमटलं तर ठीक. इंग्रजी अक्षरांचा काला उमटला, तर यादी जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली आहे. कृतीदेव फॉन्टमध्ये 'राम' दिसतं, पण आत इंग्रजी जे, के, ई ही अक्षरं असतात. तुम्ही मराठीत कितीही शोधा, सापडणार कसं? यावर एक युक्ती आहे. यादीत तुमच्याच आडनावाचा कुणीतरी दिसेल. त्याचं आडनाव कॉपी करा आणि तेच शोधाच्या चौकटीत पेस्ट करा.

मराठी नीट उमटूनही सापडत नसेल तर लिहिण्यात फरक असतो. पाटील की पाटिल, बापूराव की बापुराव, टाईप करणाऱ्याच्या मनावर. म्हणून पूर्ण नाव टाकू नका, नुसतं 'पाट' टाका. कुऱ्हाडे, गोऱ्हे अशा आडनावांतला अर्धा र दोन प्रकारे टाईप होतो. दिसायला सारखा, मोबाईलला मात्र वेगळा. तिथे 'हाडे' एवढंच शोधा. काही पीडीएफमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, त्यामुळे 'शिंदे' हुकतं आणि 'दे' सापडतं. निकाल ढीगभर येतील, पण बाण दाबत पुढे जाता येतं.

गट नंबर शोधताना १२४ आणि इंग्रजी आकड्यांतला तोच नंबर, दोन्ही टाकून बघा. यादीत खातं नंबर किंवा मोबाईलचे शेवटचे आकडे दिले असतील तर ते सगळ्यात भरवशाचे, त्यात वेलांटीची भानगड नाही.

एवढं करूनही नाव नाहीच दिसलं, तर ग्रामपंचायतीत छापील यादी लावली आहे का विचारा, आणि हरकतीची तारीख जाण्याआधी लेखी अर्ज देऊन पोच घ्या.