'तियागो' या पोर्तुगीज पुरुषनामाची व्युत्पत्ती व अर्थ

पोर्तुगाल व ब्राझीलमध्ये रूढ असलेल्या 'तियागो' या पुरुषनामाचा अर्थ नामकोशांत 'टाच धरणारा' किंवा 'दुसऱ्याची जागा घेणारा' असा दिलेला आढळतो. वस्तुतः हा अर्थ हिब्रू 'याकोब' या नावाचा आहे, आणि तोही बायबलमधील 'उत्पत्ती' या ग्रंथातील कथेवर आधारलेला. याकोब आपल्या जुळ्या भावाची टाच धरून जन्मला, अशी ती कथा. 'देव रक्षण करो' असा मूळ अर्थ असलेल्या दीर्घ नामाचे हे संक्षिप्त रूप असावे, असे अनेक भाषाभ्यासक मानतात.

तथापि 'तियागो'ची घडण केवळ या अर्थाने उलगडत नाही. हिब्रू नाव ग्रीकमार्गे लॅटिनमध्ये 'याकोबुस' झाले व इबेरियन द्वीपकल्पात त्यापासून 'इयागो' हे रूप सिद्ध झाले. ९व्या शतकात गॅलिसियात प्रेषित याकोबाची मानली जाणारी कबर सापडली आणि तेथे सांतियागो दे कोंपोस्तेला हे तीर्थक्षेत्र उदयास आले. 'सांत' ही उपाधी व 'इयागो' हे नाव एकत्र उच्चारले जाऊन 'सांतियागो' असा अखंड शब्द रूढ झाला. पुढे त्याचा पदच्छेद करताना उपाधीचा अंत्य 'त' नावाला जोडला गेला. म्हणजे 'तियागो'तील आद्य व्यंजन हे मूळ नावाचे नव्हेच. तो 'संत' या शब्दाचा अवशेष होय.

हा पदच्छेद भाषेने पूर्णतः स्वीकारला, याचा पुरावा व्याकरणातच मिळतो. पोर्तुगीजमध्ये स्वरादी नावापूर्वी 'सांतु' (सांतु आंतोनियु) आणि व्यंजनादी नावापूर्वी 'सांव' येते. गोव्यातील 'सांजांव' उत्सवाच्या नावात हेच 'सांव' आहे. या संताचा उल्लेख मात्र 'सांव तियागु' असाही होतो. संतत्व येथे दोनदा आले, याची बोलणाऱ्यास जाणीवही नसते!

परिणामी पोर्तुगीज बायबलमध्ये कुलपती 'जाको' आणि प्रेषित 'तियागु' अशी दोन भिन्न नावे दिसतात. मराठी बायबल दोघांनाही 'याकोब'च म्हणते. त्यामुळे मूळ नाते मराठी वाचकास अधिक सहज उमगते.

ब्राझीलमध्ये या नावात 'त'नंतर 'ह'कारदर्शक अक्षर घालण्याची प्रथा आढळते. त्याला व्युत्पत्तीचा आधार नाही. तेथील बहुसंख्य भागांत उच्चारही 'चियागु' असाच होतो. 'दियोगो' हे नावही 'सांतियागो'पासून आले, असे मत परंपरेने मांडले जाते. परंतु मध्ययुगीन लॅटिन दस्तऐवजांत त्याच्या जागी 'दिदाकुस' हे रूप येत असल्याने ते मत विवाद्य आहे.