आत्याच्या आजाराचीही चौकशी करा

बचत गटाच्या बैठकीत स्तनाच्या कॅन्सरचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "माझ्या आईला, मावशीला नव्हता, मग मला कशाला होतोय?" आज आम्ही त्याबद्दलच बोलणार आहोत.

नाकडोळे, रंग, उंची यांचा वारसा आपल्याला जनुकांमधून मिळतो. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. बीआरसीए-1 आणि बीआरसीए-2 ही अशीच दोन जनुकं. शास्त्रज्ञांना ती 1994 आणि 1995 मध्ये सापडली. ती बायकांमध्ये असतात तशी पुरुषांमध्येही असतात. त्यांचं काम पेशीतला बिघाड दुरुस्त करण्याचं.

उसाला पाणी सोडलंय आणि पाट फुटला तर बुजवायला दोन माणसं उभी आहेत, असं समजा. काहीजणींचा त्यातला एक माणूस जन्मापासूनच गैरहजर असतो. दुसरा आहे तोवर भागतं. पण एखाद्या पेशीत दुसराही निकामी झाला, की बिघाड साचत जातात. पुढे पेशी बेसुमार वाढू लागल्या की गाठ होते.

म्हणजे वारशानं कॅन्सर येत नाही, धोका येतो. असा बिघाड असलेल्या निम्म्याहून जास्त बायकांना आयुष्यात कधीतरी स्तनाचा कॅन्सर होतो. अंडाशयाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो. काहीजणींना मात्र कधीच काही होत नाही.

हा बिघाड वडिलांकडूनही येतो. वडील स्वतः बहुतेकदा ठणठणीत असतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. आई किंवा वडिलांमध्ये तो असेल, तर प्रत्येक मुलामुलीला मिळण्याची शक्यता निम्मी. म्हणून मावशीइतकीच आत्याची, आईच्या आईइतकीच वडिलांच्या आईची चौकशी करा. "गाठ झाली आणि गेली" एवढ्यावर थांबू नका. गाठ कुठे होती, कितव्या वर्षी झाली, ते वहीत लिहून ठेवा.

नात्यात कुणाला पन्नाशीच्या आत किंवा दोन्ही स्तनांत कॅन्सर झाला असेल, अंडाशयाचा झाला असेल, किंवा एखाद्या पुरुषाला स्तनाचा झाला असेल, तर ती वही डॉक्टरांना दाखवा. गरज असेल तर ते रक्ताची जनुक तपासणी सुचवतील. शक्यतो आधी कॅन्सर झालेल्या व्यक्तीचीच तपासणी करतात. बिघाड सापडला तर नियमित तपासण्या, औषधं, शस्त्रक्रिया असे मार्ग आहेत.

सोयरीक मोडेल म्हणून घरोघरी हा आजार लपवतात. लपवून वारसा बदलत नाही, पोरीच्या तपासणीची वेळ तेवढी निघून जाते. जन्मानं मिळालेल्या गोष्टीत कुठल्याच बाईचा अपराध नसतो.

आणि नात्यात कुणालाच नसेल तर? स्तनाच्या 100 कॅन्सरपैकी साधारण 5 ते 10 च वारशानं आलेल्या बिघाडामुळे होतात. बाकीच्या बहुतेकजणींच्या घरी आधी कुणालाच नसतो. मुंबईत टाटा रुग्णालयानं 1998 पासून सुमारे दीड लाख बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासणी केली. पन्नाशीपुढच्या तपासलेल्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ 30 टक्क्यांनी कमी झाले.

तेव्हा तिशी ओलांडली असेल तर आशाताईंना विचारून जवळच्या आरोग्य केंद्रात तपासून घ्या. गाठ दुखत नसली तरी दाखवा. आणि या वेळी माहेरी गेलात की आत्याला भेटून या.