औषध कुठे अडते? भाग ६ : शून्य साठ्याचे गणित

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी फुटली आणि त्यावरचे प्रतिजैविक टेट्रासायक्लिन बघता बघता दुकानांतून गायब झाले. लाखो लोक मिळेल त्या गाडीने गावी निघाले, त्यांत खानदेशातली मराठी माणसेही होती. कुठल्या गोदामात आणि कुठल्या दवाखान्यात किती गोळ्या शिल्लक आहेत, हे एका जागी बसून सांगण्याची सोय तेव्हा नव्हती. योगायोग असा की, त्याच वर्षी तमिळनाडूने औषधखरेदीसाठी वेगळे महामंडळ काढले. जिल्हा गोदामे संगणकाने जोडली आणि प्रत्येक रुग्णालयाला औषधांच्या हिशेबाचे पासबुक दिले. पुढे इतर राज्यांनी हाच कित्ता गिरवला.

आज गुजरातमध्ये सरकारी औषधखरेदी राज्याचे वैद्यकीय सेवा महामंडळ करते आणि साठ्याचा हिशेब सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेच्या ‘ई-औषधी’ प्रणालीवर राहतो. महाराष्ट्रातही हीच प्रणाली आली. औषध गोदामात उतरले की बॅच नंबर आणि मुदत नोंदवायची, दवाखान्याने ऑनलाइन इंडेंट (मागणीपत्र) टाकायचा, ज्याची मुदत आधी संपते ते आधी वाटायचे. इथवर सारे सरळ आहे.

खरी गोम मागणीच्या आकड्यात आहे. समजा, एका आरोग्य केंद्रात मेटफॉर्मिनच्या १,२०० गोळ्या आल्या आणि १२ दिवसांत संपल्या. उरलेले १८ दिवस मधुमेहाच्या रुग्णांना ‘बाहेरून घ्या’ म्हणून परत पाठवले. महिनाअखेर खप दिसतो १,२००, आणि त्यावरून पुढच्या महिन्याचा इंडेंटही १,२००चाच जातो. प्रत्यक्षात गरज आहे रोज १०० या हिशेबाने ३,०००ची. म्हणजे टंचाईच पुढच्या टंचाईची तजवीज करून ठेवते! साठा शून्य असलेले दिवस वगळून सरासरी काढली तरच हे चक्र तुटते. त्यासाठी कुणी तरी त्या त्या दिवशी ‘साठा शून्य’ अशी नोंद करायला हवी.

सुरतेत तर मागील वर्षाची सरासरीही दगा देते. दिवाळीत यंत्रमाग थंडावतात, कामगार गावी जातात, ओपीडी ओसरते. पावसाळ्यात दक्षिण गुजरातच्या भात-उसाच्या पट्ट्यात लेप्टोस्पायरोसिस डोके वर काढतो. तेव्हा शेतात राबणाऱ्यांना डॉक्सिसायक्लिन लागते, टेट्रासायक्लिनचेच भावंड. ते जूनआधी केंद्रात पोहोचले पाहिजे. वर्षाची सरासरी बारा महिन्यांत सारखी वाटून हे कळणार नाही. महिनावार खप पाहावा लागतो.

एवढी नोंद करायची कुणी? औषधखिडकीवरच्या एकट्या फार्मासिस्टने. समोर रांग, हातात केसपेपर, त्यात इंटरनेट गेलेले. मग दिवसभराचे वाटप संध्याकाळी अंदाजाने चढते. यंत्रणेवर कोट्यवधी खर्चून या खिडकीवर दुसरा माणूस न देणे ही काटकसर नव्हे, उधळपट्टी आहे.

तुमच्या दवाखान्यात औषध नाही म्हणाले, तर ‘बाहेरून घ्या’ हे केसपेपरवर लिहून मागा; शून्य साठ्याची नोंद निदान तिथे तरी राहील.

(पुढील भागात : लसींची शीतसाखळी)