उंबरखिंडीचा डाव

खोपोलीतल्या घरी जेवणाच्या टेबलावर कुरवंडे घाट मांडलाय. थर्माकोलचे थर, हिरव्या कापडाचं रान, तळाशी अंबा नदीची निळी सुतळी. २ फेब्रुवारी १६६१ ची उंबरखिंडीची लढाई पटावर खेळता यावी म्हणून आम्ही नियम बांधतोय. खरी जागा याच खालापूर तालुक्यात, चावणी गावापाशी.

शाइस्ताखानानं धाडलेला मुघल सरदार कारतलबखान भाच्याकडे. त्यानं आधीच अडवलं, "मामा, शेवट माहीत असताना मी त्या खिंडीत मरायला उतरू कशाला? बोरघाटानं जातो की!"

बरोबरच होतं. त्याला आडवाटेचा मोह पडायला हवा. मग नियम आला: राबत्या वाटेनं गेलास तर मराठ्यांना लगेच बातमी, कुरवंड्यानं उतरलास तर कदाचित. ते 'कदाचित' किती, हे फक्त पंचाच्या चिठ्ठीत. प्रशियात १८२४ साली रायस्विट्झनं लष्करी अधिकाऱ्यांसाठी मांडलेल्या युद्धखेळातही पंच होता. ज्याला जेवढं दिसेल, तेवढंच तो सांगे.

उतारावर संख्याबळ आडवं येतं. माणसामागे दीड मीटर धरला तर एकेरी रांगेत हजार माणसं दीड किलोमीटर व्यापतात. म्हणून वाटेच्या एका घरात पुठ्ठ्याची एकच तुकडी. बिनीवर मारा झाला की ती थांबते, मागची तिच्यावर आदळते आणि चंदावलाला खबर दोन फेऱ्यांनी लागते. परमानंदाच्या 'शिवभारता'त या रानात वाराही नाही आणि फौज तहानेनं कासावीस आहे. त्यामुळे खानाच्या प्रत्येक तुकडीचा दम दर फेरीला एकानं घटतो, फासा न टाकता.

तरी भाचा शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत लढायचा. इतिहासात मात्र खानाच्याच फौजेतल्या रायबागननं शरण जायचा सल्ला दिला आणि सामान, खंडणी देऊन फौज जिवानिशी सुटली. म्हणून आता खानाला कोणत्याही फेरीत वकील पाठवता येतो. जितका उशीर, तितकी खंडणी जास्त. पण शिवाजी महाराजांनी तरी ते का मान्य करावं? कारण पुढे दाभोळ-संगमेश्वरची मोहीम उभी आहे. इथं पडलेल्या प्रत्येक मावळ्यामागे मराठ्यांचे दुप्पट गुण कापले जातात. तेव्हापासून त्या बाजूनं खेळणारी पुतणी वाटा अडवते, पाणी तोडते आणि फासे हातातच खुळखुळवत वकिलाची वाट बघते.

भाच्यानं यातही फट शोधलीच: पहिल्याच फेरीत वकील! आता शाइस्ताखानाच्या रोषाचा नियम लिहायला घेतलाय.